शुक्रवारच्या दोन घंट्या

गेवराईत पहिला मोडेम मी आणला, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की ते खोडून काढायला आता कुणी साक्षीदार उरलेला नाही. एका कचेरीत माझ्याआधी एक होता म्हणतात. पण तिथला साहेब त्यावर चहाचा कप ठेवायचा, तेव्हा तो मी मोडेमात धरत नाही, बशीत धरतो.

माझा कॉम्प्युटर क्लास हायवेलगत होता. क्लास म्हणजे दहा बाय बाराची खोली आणि तीन कॉम्प्युटर, त्यांतला एक कायम झाकलेला. तो बंद होता. पोरांना मात्र मी सांगायचो की तो फार ताकदीचा आहे, उघडा ठेवला तर अख्ख्या आळीचं व्होल्टेज ओढून घेतो. पोरं चपला बाहेर काढून आत यायची आणि त्याला लांबून वळसा घालून बसायची. उरलेल्या दोनपैकी एकात व्हायरस शिरला, असा की तारीख बघायला गेलं तरी मशीन थरथरायचं. तेव्हा एका मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी मी त्यात चढवली. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी बसस्टँडवर जाहीर केलं की आता माझ्या मशीनला व्हायरस लागत नाही. ते खरंच होतं. त्याला मोडेमही लागत नाही, हे मासिकात कुठं लिहिलेलं नव्हतं.

मशीनच्या पोटात मोडेमचं कार्ड होतं, पण ते अर्ध्या डोक्याचं. विचार सगळा विंडोजनं करायचा आणि यानं फक्त तोंड हलवायचं, अशी त्याची बनावट. लिनक्सनं दहा वेळा हाक मारली, आतून ओ आली नाही. मग मी बीडला गेलो आणि जुन्या कचेऱ्यांचं सामान विकणाऱ्या एका माणसाकडून बाहेरून लावायचा मोडेम घेऊन आलो. विटेएवढा काळा डबा. पुढे बारीक दिव्यांची ओळ, मागे तांदळाच्या दाण्याएवढे आठ पांढरे खटके.

नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू. पुढून लावावं तर दिवे झाकले जातात, म्हणून डबा फिरवला आणि मागच्या आठ खटक्यांवर एकेक बोट कुंकू टेकवलं. कुंकू आपण खालून वर ओढतो. बोट उचलताना रेघ सुबक निघावी म्हणून जरा दाबतोही. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की ते बायकोनं केलं. बोट माझं होतं.

डबा चालू केला तर पुढचा एक लाल दिवा लागला, तो लागलेलाच राहिला. त्याच्याखाली इंग्रजीत दोनदा ए लिहिलेलं. कुणी विचारलं की मी सांगायचो, डबल ए, म्हणजे चांगल्यातला चांगला माल. दिव्यांचा अर्थ सांगणारी पुस्तिका डब्याबरोबर आली होती. ती मी टेबलाचा एक पाय आखूड होता त्याच्याखाली घातली.

आता चाचांबद्दल सांगतो, कारण हे सगळं त्यांच्यावर येऊन थांबतं.

बसस्टँडच्या तोंडाशी चाचांचा फळांचा हातगाडा होता. उन्हाळ्यात टरबूज, पुढे सीताफळ, बाकी वर्षभर केळी. त्यांचा एकुलता एक पोरगा वेल्डर, दोन वर्षांपासून आखातात कामाला. कंपनीची गाडी त्या लोकांना फक्त जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, बाजारात न्यायची आणि तिथल्या बूथवरून तो माझ्या फोनवर घंटी द्यायचा. बरोबर दोन घंट्या, आणि बंद. फोन उचलायचा नाही, हा नियम. उचलला तर तिकडं त्याचं फोनचं कार्ड खल्लास. दोन घंट्या म्हणजे मी बरा हाय, कामावर हाय, जेवतो, तुमी फिकीर करू नका. एवढं सगळं त्या दोन घंट्यांत बसायचं. बापलेकांनी तोंडानं बोलून सहा महिने झाले होते, पण एक जुम्मा चुकला नव्हता.

चाचा नमाज उरकून, कानात अत्तराचा बोळा घालून, दोन वाजता माझ्याकडं यायचे. टेबलावर दोन केळी ठेवायचे आणि फोनसमोरच्या खुर्चीत बसायचे. घंटी सव्वादोनला. मी भिंतीवरचं घड्याळ तिच्यावर लावायचो, आणि ती माझी थाप नाही. फोन वाजायला लागला की चाचा दोन्ही हात आडवे धरायचे, जणू खोलीतले दहाबारा जण रिसीव्हरवर तुटून पडणार आहेत. खोलीत मी एकटाच असायचो. दुसरी घंटी मिटली की हात खाली.

"अल्हम्दुलिल्लाह. बोला मास्तर, आज काय खोटं सांगता?"

मग मी त्यांना काहीतरी सांगायचो. अमेरिकेत कॉम्प्युटरवर टरबूज ठेवलं की आतून लाल का पांढरं ते पडद्यावर दिसतं, असलं काही. चाचा हसून खुर्चीत मागे रेलायचे. "मास्तर, तुमी आमच्यात जन्मले असते तर मौलवीसाहेबांनी तुमच्यासाठी अलग तोबा लिहिली असती."

शुक्रवारी क्लासला सुट्टी आणि वीज दुपारी एकपासून हमखास, म्हणून मोडेमचं काम मी शुक्रवारीच काढलं. भोक एक, वायर एक. फोनची वायर काढून मोडेमला लावली आणि फोन खिडकीत ठेवून दिला. चाचा आले आणि रिकाम्या टेबलाकडं बघत उभे राहिले.

"फोन कुठं गेला, मास्तर?"

"फोनचा जमाना गेला, चाचा. आता सगळं ह्या डब्यातून. तुमची घंटीबी ह्यातूनच वाजंल. फोनपेक्षा गोड."

"पक्कं?"

"अमेरिकेत आता फोन दाखवायलाबी ठेवत न्हाईत."

हे बोलताना घंटी त्या डब्यातून वाजते का नाही, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी त्याचा विचारही केला नव्हता. वायर काढून फोनला परत लावायला दोन मिनिटं लागली असती. पण माझं डोकं पडद्यात होतं आणि तोंड नेहमीसारखं पुढे गेलं होतं. चाचांनी केळी ठेवली आणि डब्यासमोर बसले.

पडद्यावर एकच ओळ येत होती: नो डायलटोन. फोन कानाला लावला की आमच्या एक्स्चेंजची टोन सर्दी झालेल्या रेड्यासारखी घुमायची, आणि मोडेम परदेशी, त्याला ती टोन वाटतच नव्हती. तो सभ्य आवाजाची वाट बघत बसायचा आणि कंटाळून सोडून द्यायचा. मी वहीत उतरवलेल्या आज्ञा चाळत होतो. सव्वादोन वाजले असतील. डब्यात खट् झालं, दिवे सैरभैर झाले आणि डबा आपणहून चिरकला. आधी सुईसारखी लांब शीळ, मग खरखर, पुन्हा शीळ. मी खुर्चीवरून उडालो.

"लागला! चाचा, लागला! ह्याला उपग्रह सापडला!"

चाचा बिचारे उठून टाळ्या वाजवायला लागले. मी शेजारच्या हॉटेलातून पेढे आणवले. डबा अर्धा मिनिट ओरडून गप्प झाला, तेव्हा मी त्याच्यावर आज्ञांचा भडिमार सुरू केला, डायल, पुन्हा डायल, पुन्हा. काहीच लागेना. तीन वाजता चाचा हळूच म्हणाले, "माझी घंटी न्हाई वाजली."

"गाडी उशिरा निघली आसंल त्यांची."

चाचांनी पेढ्याचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि गेले.

मधल्या आठवड्यात मी मोडेमला शिकवलं की बाबा रे, टोनची वाट बघू नकोस, सरळ डायल कर. मग कळलं की आमचं एक्स्चेंज जुनं, त्याला नंबर खटखट करूनच द्यावा लागतो. तेही शिकवलं. दुसऱ्या शुक्रवारी डबा सुतारपक्ष्यासारखा खटखटला, पलीकडं कुणीतरी उचललंही, पण पासवर्डापाशी गाडी अडली. आणि पुन्हा सव्वादोनच्या सुमारास, मी हात लावलेला नसताना, तो चिरकला. मी चाचांना म्हणालो, बघा, गरम झाला की आपोआप बोलतो. या खेपेला त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते डब्याच्या मागून, पुढून, वरून बघत होते. घंटी नेमकी कुठून निघणार ते शोधत असावेत.

तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी केळी आणली नाहीत. स्टँडवर कुणीतरी सांगितलं होतं की आखातात कुठंतरी लोखंडी सांगाडा कोसळला, माणसं दबली. कुठल्या देशात, कुठल्या कंपनीत, सांगणाऱ्याला काही माहीत नव्हतं. चाचा त्या आठवड्यात डझनाला दहा केळी द्यायचे नाहीतर पंधरा. गिऱ्हाईक ओरडलं तर नुसते बघत राहायचे.

त्यांनी टोपीच्या घडीतून एक चिठ्ठी काढली. पोराच्या खोलीत केरळचा एक मुलगा राहायचा, कंपनीच्या ऑफिसात टायपिंग करायचा. त्याचा ईमेलचा पत्ता होता तो. अडीनडीला म्हणून पोरानं मागं कधी लिहून घ्यायला लावला होता.

"मास्तर, मी बीडला जाऊन येतो. तिथं इंटरनेटचं दुकान हाय म्हणं. ह्ये दाखवतो, ते पाठवतील."

बीड बसनं तासाभरावर. त्या माणसाला मी फक्त हो म्हणायचं होतं.

"बीडला कावून जाता? मी हितं असताना? उद्या लोक काय म्हणतील, गेवराईत मोडेम हाय आन् चाचा बीडला गेलते! दोन दिवस द्या. तुमच्या पोराचं पत्र हवेतून ओढून आणतो."

"दोन दिवस?"

"दीडच धरा."

आमचं हे बोलणं चालू असतानाच डब्यात खट् झालं आणि तो पुन्हा चिरकला. चाचांनी त्याच्यापुढं हात जोडले.

"त्याला चूप करा मास्तर. माझी घंटी ऐकू येणार न्हाई."

मी हात पुढे करून त्याचा आवाज बारीक केला.

दीड दिवसाचे चार दिवस झाले. शनिवारी पासवर्ड जुळला. रविवारी लाइन जुळून तुटायला लागली. सोमवारी ती तुटायची थांबली, पण एकही पान उघडेना, कारण कुठल्या नावाचा पत्ता कुणाला विचारायचा हे मशीनला मीच सांगितलेलं नव्हतं. त्यासाठी एका फायलीत दोन ओळी आकडे लिहायचे होते. मंगळवारी ते लिहिले आणि पडद्यावर वरून खाली, पडदा ओढल्यासारखं, एक पान उतरायला लागलं. अख्ख्या आयुष्यात मी एवढा मोठा पराक्रम केलेला नव्हता आणि तो बघायला खोलीत कुणी नव्हतं. बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात आली.

"झालं का? मग आधी त्या म्हाताऱ्याचं बघा. दोन दिवसांपासून गाड्यावर केळी काळी पडलीत त्यांची."

त्या केरळच्या मुलाच्या पत्त्यावर मी पोराला लिहिलं: तुझे वडील घंटीची वाट बघताहेत, तू कसा आहेस, ताबडतोब कळव. खाली मी कोण ते लिहिलं. पाठवलं.

बुधवारी दुपारी उत्तर आलं. मी गाड्यावर जाऊन चाचांना घेऊन आलो. वाटेत सांगितलं होतं, पोरगा जिता हाय, खुशाल हाय, स्वतः लिहिलंय. ते चालत होते की पळत होते, मला त्यांना गाठता येईना. गाडा तसाच उघडा सोडून आले होते.

पत्र इंग्रजी अक्षरांत होतं, भाषा आपली. चाचांना ती अक्षरं येत नव्हती. म्हणजे मी वाचेन ते पत्र. मी पडद्यावर नजर टाकून ते आधी मनात वाचलं. मग घसा साफ केला आणि म्हणालो, "मी ठीक आहे. काळजी करू नका. अब्बांना सलाम."

चाचांनी पडद्याकडं बघितलं.

"आन् पुढं?"

"एवढंच."

"मास्तर, तुमी येवढं कमी कधी बोलत न्हाई."

एवढी मोठी काच, तिच्यावर खालपर्यंत अक्षरं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो.

"मास्तर, अब्बा हयात हायेत का, खरं सांगा. तीन जुम्मे झाले, घंटी देतो, तर पहिलीच घंटी पुरी होत न्हाई तोवर कुणीतरी उचलतं. हॅलो म्हणलं तर आतून चिरकतं. माणूस न्हाई ते. पुन्हा लावला तर एंगेज, एंगेज. आमच्या घरात काय झालं म्हणून तुमी फोनला कुणाला हात लावू देत न्हाई का? मला झोप न्हाई. साहेबाला म्हणलं घरी जायाचं. साहेब म्हणला, आत्ता जायाचं तर ईदची सुट्टी न्हाई मिळणार. मी सही करून दिली. तिकिटाची सोय लावतोय. तवर कुणी मला सांगा, काय झालं." खाली त्या ऑफिसचा नंबर आणि किती वाजता फोन केला तर त्याला बोलवतील ते.

वाचून झाल्यावर मी बोलायला तोंड उघडलं, पण चाचा डब्याकडं बघत होते. लाल दिवा लागलेला होता.

"सव्वादोनला," ते म्हणाले. "तवाच ते वरडायचं. मी हितंच बसलो होतो."

"चाचा, मला म्हाईत न्हवतं."

"पैल्या टायमाला तर तुमी पेढे दिले मला." थोड्या वेळानं म्हणाले, "मी खाल्ला की."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तीन शुक्रवार त्यांचा पोरगा त्यांच्यापासून हातभर लांब हॅलो हॅलो करत होता, आणि आम्ही दोघं त्या डब्याला गप्प करत होतो.

स्टँडजवळच्या बूथवर गेलो. चाचा काचेच्या आत, मी बाहेर. आतलं सगळं ऐकू येत होतं, कारण चाचांना वाटायचं समुद्रापलीकडं बोलायचं तर तेवढ्या जोरात बोलावं लागतं.

"मी बरा हाय रे! मी हाय! मीच बोलतोय ना, आवाज न्हाई का वळखत? काय न्हाई झालं. काय सुदिक न्हाई. येऊ नको आत्ता. साहेबाकडं जा, कागद माघारी घे म्हण." मग बराच वेळ नुसतं हां, हां. मग माझ्याकडं पाठ करून, जरा हळू, "न्हाई, मास्तरची काय चूक न्हाई. फोन बिघडला होता."

साहेबानं कागद परत दिला, पण ईदच्या सुट्टीतली पोराची पाळी तोवर दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती. पोरगा त्या ईदला आला नाही. पुढच्या वर्षी आला.

त्या संध्याकाळी मी टेबलाच्या पायाखालची पुस्तिका काढली. त्या लाल दिव्याचा अर्थ चौथ्या पानावर होता: फोन आला की आपोआप उचलणे. त्याचं बटण म्हणजे मागचा पाचवा खटका. वर केला की चालू. माझे आठच्या आठ वर होते आणि प्रत्येकावर कुंकू. काडीनं पाचवा खाली केला. दिवा विझला.

पुढच्या शुक्रवारी मी एकपासून मोडेम काढून फोन लावून ठेवला. दोन खुर्च्या पुसल्या. दोन वाजले, चाचा आले नाहीत. बाहेर आलो तर रस्त्यापलीकडं मेडिकलच्या पायरीवर बसलेले दिसले, टोपी घालून, कान दुकानाकडं करून. मी हायवे ओलांडून गेलो.

"चाचा, चला. फोन लावलाय आपला. जुनाच, साधा."

"ऱ्हाऊ द्या मास्तर. पोराला ह्या मेडिकलचा नंबर दिलाय आता."

"त्या डब्याचं ते उचलायचं बंद केलंय मी. आता कदी न्हाई उचलणार."

"तुमचं मशीन लई हुशार हाय," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, मला समजावल्यासारखं म्हणाले. "मला येडा फोन पायजे. नुसता वाजणारा."

मग सरकून पायरीवर त्यांनी मला जागा केली. मी बसलो नाही. सव्वादोनला पाच मिनिटं होती. माझ्यासमोर घंटी वाजावी असं मला वाटत होतं, आणि वाजली नाही तर काय, ही भीतीही होती. मी परत आलो.

गेवराईत इंटरनेट कुणी आणलं, हे मी नंतर शेकडो लोकांना सांगितलं, दरवेळी थोडं वाढवून. रेड्याच्या आवाजाची टोन सांगतो, सुतारपक्षी सांगतो, लोक पोट धरून हसतात. उपग्रह सापडला आणि पेढे वाटले, तिथं मी थांबतो. लोक विचारतात, मग पुढं? पुढं काय, लागला इंटरनेट, म्हणतो.

क्लास चालू होता तोवर शुक्रवारी दोन वाजले की मी मोडेमची वायर काढून फोनला लावायचो. माझ्याकडं कुणाची घंटी यायची नव्हती, तरी लावायचो आणि दारात उभा राहायचो. पलीकडं पायरीवर चाचा बसलेले असायचे. ट्रकच्या आवाजात मला इथून काही ऐकू यायचं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, की मी समजायचो, वाजल्या.